अदलाबदल

पडली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. पडली असती तर चार माणसं धावली असती, कुणी पाण्याची बाटली पुढे केली असती, पायाला प्लास्टर चढलं असतं आणि दीड-दोन महिने तिला कुणी काम सांगितलं नसतं. पण ती पडली नाही. हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवरून उतरताना कडेचा दगड डुगडुगला, उजवं पाऊल आत वळलं, घोट्याच्या बाहेरच्या अंगाला काहीतरी ताणलं गेलं आणि सैल पडलं, एवढंच. ती दोन पावलं लंगडली, कुणी पाहिलं का ते बघितलं आणि सरळ चालायला लागली. कानाला फोन होता, फोनवर वडील होते. ते म्हणत होते, "ठरलं तर मग. करून टाक एकदाचं. पण सरकार, करायचं तर तूच. दुसऱ्या कुणाचा हात मी डोळ्याला लागू देणार नाही." लहानपणी ती घरभर हुकूम सोडायची म्हणून त्यांनी तिचं नाव सरकार ठेवलं होतं. ती पन्नाशीला टेकली, डोळ्यांची नावाजलेली डॉक्टर झाली, तरी ते बदललं नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हो म्हणायला त्यांनी दोन वर्षं घेतली होती. तिला इतका आनंद झाला की घोट्यातल्या कळेकडे तिचं लक्षच गेलं नाही.

वडिलांना एकच डोळा होता. म्हणजे बघणाऱ्याला दोन दिसत, पण डावा नुसता चेहऱ्याची शोभा राखायला होता. ती कॉलेजात शिकत असताना त्या डोळ्यातला दाब एकाएकी वाढला. डोकं फुटेल असं दुखत होतं, उलट्या होत होत्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती, आणि हा माणूस डोक्याला फडकं बांधून कचेरीत जाऊन इमारतींचे आराखडे काढत बसला. विचारलं की म्हणायचे, काही होत नाही. पाच दिवसांनी दुखायचं थांबलं, तेव्हा ते विजयी चेहऱ्याने म्हणाले, बघा, थांबलं की नाही. थांबलं होतं खरं. डोळाच गेला होता, दुखणार काय! त्या दिवसापासून तिला डोळ्यांशिवाय दुसरं काही शिकावंसं वाटलं नाही. आता उरलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून कडक होत चालला होता. दाढी करताना ते कापून घेत. चहा कपाच्या बाहेर ओतत आणि टेबलाला दोष देत. थांबून चालणार नव्हतं, जितकं थांबावं तितका तो बिंदू खडीसाखरेसारखा घट्ट होणार होता, आणि फोडायला तितकाच अवघड.

लोकांना वाटतं डोळ्याचा डॉक्टर हातांनी काम करतो. कौतुकही सगळं हातांचं होतं. घरी आलेले पाहुणे तिची बोटं बघायला मागत. पण अर्धं काम पाय करतात, हे पाहुण्यांना कुठे माहीत असणार? ती बूट काढून, पातळ मोजे घालून टेबलाच्या डोक्याकडच्या स्टुलावर बसायची. उजव्या पायाखाली मशिनचं पेडल. ते जरासं दाबलं की डोळ्यात पाणी सुरू होतं, आणखी जरा दाबलं की मशिन आतलं ओढू लागतं, आणि तळाशी नेलं की सुईचं टोक थरथरून मोतीबिंदू फोडतं. तिन्हींमध्ये अंतर किती, तर नखाएवढं. डाव्या पायाखाली सूक्ष्मदर्शकाचं पेडल. धूसर दिसलं की दाबायचं, भिंग वरखाली होतं. हे सगळं घोटा करतो. डोक्याला विचारत नाही, हातांना कळवत नाही. शिकाऊ डॉक्टरांना ती ऐटीत सांगायची, की हात मी शिकवीन, पाय तुमचा तुम्हाला शिकावा लागेल. इतक्या वर्षांत तिने आपल्या पायांचा म्हणून कधी विचार केला नव्हता. आता दिवसभर दुसरं काही सुचत नव्हतं. घोट्याभोवती सूज आली होती, ती बर्फाने उतरली, निळसर डाग पिवळा होऊन विरला, आणि मागे राहिलं ते काही वेगळंच होतं. दुखणं असं नव्हे. सपाट जमिनीवर चालताना एकाएकी वाटायचं, पाऊल कुठे टेकतंय ते कळलं नाही. जिना उतरताना शेवटची पायरी असायची आणि पायाला वाटायचं संपला जिना. पेडलवर तासभर पाय तोलून धरला की घोटा आतून जळायला लागायचा, मग बारीक थरथर सुटायची, आणि ती थरथर मशिनच्या आवाजात ऐकू यायची. ओढण्याचा तो एकसुरी आवाज वरखाली व्हायचा. खोलीत कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या पाठीला मात्र घाम फुटायचा.

हाडांचा डॉक्टर तिच्याच वर्गातला, जुना मित्र. त्याने पाय दाबला, फिरवला, फोटो काढून घेतला. मग म्हणाला, चपला काढ, उजव्या पायावर उभी राहा, आणि आता डोळे मीट. डोळे मिटताच खोली एका बाजूला कलंडली आणि तिने त्याच्या टेबलाची कड पकडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डाव्या पायावर मात्र ती ठाकठीक उभी राहिली. त्याने विचारलं, हा पाय आधी कधी मुरगळला होता? ती नाही म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आठवलं. शाळेत असताना ती जिन्याच्या चार पायऱ्या एकदम उडी मारून उतरली होती. घोटा लिंबाएवढा सुजला होता. त्या दिवशी परीक्षा होती. वडिलांनी पायावर हात फिरवला, म्हणाले, काही होत नाही, चाल. आणि ती चालली, शाळेपर्यंत, वडिलांच्या हाताला धरून. मित्र सांगत होता की घोट्याचे बंध नुसते दोऱ्या नसतात, पाऊल कुठे आहे, किती वळलंय, ही बातमीही तेच वर पोचवतात. एकदा ताणून सैल राहिले की बातमी उशिरा पोचते, कधी चुकीची पोचते. माणूस मग डोळ्यांनी भागवतो, म्हणून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. तुझं जुनं दुखणं कुणी नीट बरंच केलं नाही, आता त्यावर दुसरं बसलंय. उपाय साधा होता, आणि कंटाळवाणा. घट्ट पट्टा, गरम-गार शेक, रोज एका पायावर उभं राहणं, आधी जमिनीवर, मग घडी घातलेल्या जाड टॉवेलवर, डोळे उघडे ठेवून, मग मिटून. दीड-दोन महिने. "आणि पेडल बंद," तो म्हणाला. तिने मान डोलावली. त्याने पुन्हा विचारलं, "ऐकलंस ना? दुखतंय म्हणून नाही सांगत मी. दुखायचं थांबेल आठवड्यात. पाय खोटं सांगतोय तुझा, म्हणून सांगतोय." ती म्हणाली, ऐकलं. वडिलांच्या ऑपरेशनबद्दल ती काही बोलली नाही.

दुसऱ्या कुणाला तरी सांगता आलं असतं. शेजारच्याच ऑपरेशनच्या खोलीत डोळ्याच्या मागच्या पडद्याची कामं करणारा तिचा भागीदार होता, सगळे त्याला पडदेवाले म्हणत, मितभाषी आणि हाताने पक्का. वडील त्याला ओळखत होते. पण ते त्याच्या हाती डोळा देणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, पुन्हा आज-उद्या करत वर्ष घालवतील हेही ठाऊक होतं. हे कारण खरं होतं आणि ते ती स्वतःला घोळून घोळून सांगायची. त्याच्या खाली आणखी एक होतं. तिलाच तो डोळा करायचा होता. पहिला गेला तेव्हा ती काही करू शकली नव्हती, आणि त्यानंतर हजारो परक्या डोळ्यांना तिने जे दिलं, ते एका माणसाला द्यायचं राहिलं होतं. ही भूक इतकी जुनी होती की तिला ती कर्तव्यच वाटत असे.

अदलाबदलीची कल्पना तिला लिफ्टमध्ये सुचली, आणि इतकी सोपी वाटली की हसू आलं. डावा पाय धडधाकट आहे ना? मग मशिनचं पेडल डावीकडे घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाचं उजवीकडे. भिंग वरखाली करायला दुखरा पायही पुरेल, चुकला तर फार तर धूसर दिसेल. दुसऱ्या दिवशी सिस्टरने पेडलं उचलून इकडची तिकडे ठेवली, काही विचारलं नाही. तिच्या विक्षिप्तपणाची हॉस्पिटलला सवय होती. पहिला रुग्ण जरा हळू झाला, पण सुरेख झाला. दुसरा त्याहून बरा. डावा पाय पहिलीतल्या मुलासारखा जीभ बाहेर काढून लिहीत होता, पण लिहीत होता. घरी जेवणाच्या टेबलाखाली ती दोन चपला जमिनीवर ठेवून पाय चालवत बसे, डावा आता फोडणार, उजवा आता भिंग उचलणार. नवऱ्याने वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, शिवणाचं दुकान काढायचं ठरलंय का? ती हसली, तोही हसला, आणि हसणं संपल्यावर तो जरा वेळ तिच्याकडे बघत राहिला. त्याला काही विचारायचं होतं. तिने ताटं उचलली. मग एक दिवस, एका बाईचं ऑपरेशन जवळजवळ संपलं असताना, दृश्य धूसर झालं आणि तिने भिंगासाठी पाय दाबला, तर मशिन किंचाळलं. सुई तेव्हा डोळ्याच्या बाहेर होती. टोकावरून पाण्याचा बारीक फवारा उडाला, सिस्टर मागे सरली. ती म्हणाली, काही नाही, पाय घसरला. आणि आपण हे वाक्य कुणाच्या आवाजात बोललो, हे तिला कळलं नाही. त्या बाईला दुसऱ्या दिवशी लख्ख दिसलं. तिने डॉक्टरांचे हात हातात घेऊन डोळ्यांना लावले. डॉक्टरीण खाली बघत होती, स्वतःच्या बुटांकडे.

भीती असते ती अशी समोर येऊन उभी राहत नाही. ती घरात वावरणाऱ्या माणसासारखी असते, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, आपण म्हणतो कुणीतरी आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती वडिलांकडे गेली तेव्हा ती भीती तिच्याबरोबर जिना चढून वर आली. वडील तयारीत होते. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं, पण शर्ट कडक इस्त्रीचा होता. टेबलावर जुन्या पेन्सिली टोकं काढून ओळीने मांडल्या होत्या, कडक, मऊ, आणखी मऊ. टोकं त्यांनी चाचपत काढली होती, एक-दोन लाकडापर्यंत तासली गेली होती. ते सांगत होते की दिसायला लागलं की पहिल्यांदा तिच्या घराचा आराखडा काढणार, त्या स्वयंपाकघरात उजेडच येत नाही, खिडकी चुकीच्या भिंतीला आहे, कुठल्या गाढवाने बांधलं कोण जाणे. ती खिडकीपाशी जाऊन परत आली आणि ते मध्येच थांबले.

"डावा पाय जोरात पडतोय तुझा," ते म्हणाले. "उजवा काय झाला?"

"बूट चावतोय."

"खोटं बोलू नकोस. मला दिसत नाही, ऐकू येतं."

आता सांगावं, असं तिला वाटलं. शब्द तोंडात आले होते. बाबा, पाय दुखावलाय, दोन महिने थांबू या, किंवा पडदेवाले करतील. एवढंच म्हणायचं होतं. पण वडिलांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमललं होतं, ते तिच्याकडे, म्हणजे तिच्या जरा डावीकडे बघून हसत होते.

"लहानपणी एकदा असाच सुजला होता तुझा पाय," ते म्हणाले. "आठवतं? परीक्षा होती. तुझी आई म्हणत होती, राहू दे. मी तुला चालवत नेलं शाळेपर्यंत. एकदा रडली नाहीस. मी तेव्हाच म्हटलं, ही पोरगी पुढे जाणार."

ती रडली होती. शाळेच्या फाटकात त्यांनी हात सोडला आणि ते वळून गेले, त्यानंतर मुतारीच्या भिंतीला टेकून ती पोटभर रडली होती, आणि पेपर लिहिताना बाकाखाली पाय एवढा ठणकत होता की अक्षरं हलत होती. पहिला नंबर आला. तेव्हापासून दुखणं गिळलं की बक्षीस मिळतं, असं काहीतरी तिच्या आत बसून गेलं होतं. आज पहिल्यांदा तिला त्या चालवत नेण्याचा संताप आला. या माणसाने स्वतःचा डोळा असाच घालवला आणि माझा पायही. आणि त्याच क्षणी त्यांच्या हनुवटीवरचं वाळलेलं रक्त तिला दिसलं, इतकं केविलवाणं, की संताप तिथल्या तिथे विरला. तिने ओल्या रुमालाने ते पुसलं. म्हणाली, उद्या उपाशी राहायची गरज नाही, हलकं खा, आणि आत गेल्यावर बडबड करू नका. ते म्हणाले, जशी आज्ञा सरकार.

सकाळी टेबलावर ते फार लहान दिसत होते. चेहऱ्यावर हिरवा कपडा, त्याला पडलेल्या भोकातून तो एकच डोळा वर बघत होता. सुई टोचायची नव्हती, नुसत्या थेंबांनी डोळा बधिर केला होता, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येत होतं. ती स्टुलावर बसली, बूट काढले. मोज्यांतून दोन्ही पेडलं चाचपली. डावा, मशिन. उजवा, भिंग. मनात पुन्हा म्हटलं. वडील कपड्याखालून म्हणाले, दिवा मोठा आहे गं. ती म्हणाली, दिव्याकडेच बघा आणि बोलू नका.

सुरुवात चांगली झाली. बिंदू तिने गृहीत धरला होता त्यापेक्षाही कडक निघाला, पण डावा पाय इमानाने काम करत होता. एक तुकडा फुटला, ओढला गेला. मग दुसरा. उजवा घोटा ठणकत होता, त्याला करण्यासारखं फारसं नव्हतं म्हणून जास्तच ठणकत होता. तिने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, हे तिला चांगलं येत होतं. डोळ्याच्या आत आता एक पारदर्शक पिशवी उरली होती, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि तिच्यात शेवटचा तुकडा. नवीन भिंग याच पिशवीत बसवायचं असतं. ती पिशवी धड राहिली की सगळं धड. तुकडा सुईच्या टोकाशी आला, आणि वडिलांना काय वाटलं कोण जाणे, कपड्याखाली त्यांची हनुवटी किंचित उचलली गेली आणि ते म्हणाले, "सरकार, मला रंग दिसतायत."

दृश्य धूसर झालं. पाव क्षण. आणि डावा पाय, जो वर्षानुवर्षं धूसर दिसलं की दाबला जात आला होता, जो कधी कुणाला विचारत नव्हता, तो तळापर्यंत दाबला गेला.

मशिन किंचाळलं. तुकडा गायब झाला. त्याच्या जागी एक काळं, गोल, नको तितकं स्वच्छ भोक दिसत होतं, कडेला पापुद्रा चिमटून मुडपलेला, आणि त्या भोकातून आतला पारदर्शक गर हळूहळू वर येऊ बघत होता. तिला सगळं फार सावकाश दिसलं. घाबरून सुई बाहेर ओढली तर डोळा कोलमडेल, हे तिला ठाऊक होतं. पेडल पहिल्या टप्प्यावर, नुसतं पाणी चालू राहील एवढंच, धरून ठेवायचं होतं. तिने डावा पाय तसा धरला. तो थरथरत होता. हाच तो धडधाकट पाय. तिने सिस्टरकडे मान वळवून नुसते ओठ हलवले, जेल. सिस्टरने नळी हातात दिली. पोकळी जेलने भरली, सुई अलगद बाहेर आली. मग तिने भिंतीकडे, पलीकडच्या खोलीकडे बोट केलं. सिस्टर धावली नाही, चालतच गेली, कारण कपड्याखालचा माणूस ऐकत होता. तेवढ्या वेळात ती त्या भोकाकडे बघत बसली. तुकडा मागे, पडद्यावर जाऊन पडला होता. तिला रडू येत नव्हतं. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसासारखी ती स्वतःकडेच बघत होती.

पडदेवाले हात धुऊन, हातमोजे चढवून आले. त्यांनी शेजारच्या स्क्रीनकडे पाहिलं. मग खाली, जमिनीकडे. दोन्ही पेडलांकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले, आणि मग तिच्याकडे. त्या नजरेत राग असता तर तो तिने सोसला असता. त्यांनी पायाने पेडलं सरकवून आपापल्या जागी आणली आणि ती कधी उठते याची वाट बघत उभे राहिले.

"थांबलीस का?" वडील कपड्याखालून म्हणाले. "झालं?"

ती उठली. सगळा भार उजव्या पायावर आला आणि कळ गुडघ्यापर्यंत चढली. पडदेवाले तिच्या जागेवर बसले. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. पण वडील घाबरले, डोळा हलला, तर उरलेलंही जाणार होतं. आणि हे कारणही खरं होतं. आवाज नेहमीच्या जागेवरून यावा म्हणून ती टेबलाच्या डोक्याशी, पडदेवाल्यांच्या खांद्याजवळ वाकली, तोंड वडिलांच्या कानाशी नेलं. एका पायावर उभं राहिल्याशिवाय तितकं वाकता येत नव्हतं, आणि त्या बाजूला उजवाच पाय टेकत होता.

"नाही बाबा," ती म्हणाली. "चालू आहे. अजून थोडा वेळ लागेल. हलू नका."

ते हलले नाहीत. पडदेवाल्यांनी दुसरी बारीक सुई मागितली, खुणेनेच, आणि डोळ्यात घातली. मशिनचा नवा, वेगळा आवाज सुरू झाला. स्क्रीनवर तो गर थोडाथोडा कापला जात होता. खाली, पडद्यावर, तपकिरी तुकडा पडून होता. तिने डोळ्यांनीच विचारलं, वाचेल का? पडदेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. घोटा थरथरायला लागला होता, पण पाय बदलायचा तर आवाज सरकला असता.

"सरकार," वडील हळूच म्हणाले, बोलायचं नाही हे आठवून जवळजवळ कुजबुजत. "काही कळतसुद्धा नाही गं. तुझा हात फार हलका आहे."

पडदेवाल्यांचा हात क्षणभर थांबला.

"हं," ती म्हणाली.